मॅट्रिजेल, कोलॅजेन की पॉलिॲक्रिलमाइड: नाशिकच्या लॅबमध्ये पेशींखाली काय अंथरायचं?

पेशी वाढवायच्या नेहमीच्या प्लॅस्टिक डिशचा कडकपणा गिगापास्कलमध्ये (एक गिगापास्कल म्हणजे दहा लाख किलोपास्कल) मोजतात. मेंदूची ऊती १ किलोपास्कल किंवा त्याहून मऊ असते, स्नायू साधारण १० किलोपास्कल. म्हणजे स्नायूची पेशी आपण तिच्या घरापेक्षा लाखपटीहून कडक फरशीवर बसवतो. एंगलर, डिशर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एकाच प्रकारच्या मूळपेशी वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलवर वाढवल्या. मऊ जेलवर त्या चेतापेशींकडे झुकल्या, मध्यम जेलवर स्नायूंकडे आणि कडक जेलवर हाडाकडे.

‘ऊतीसारखा पृष्ठभाग’ हवा असं ठरतं ते यामुळेच, आणि घोळही इथेच होतो. ऊतीसारखा म्हणजे रसायनानं, कडकपणानं की धाग्यांच्या विणीनं? तिन्ही गुण तुमच्या मर्जीप्रमाणे एका बाटलीत मिळत नाहीत. आधी प्रश्न ठरवा, मग कोटेशन मागवा.

पेशी नीट चिकटत नाहीत, एवढीच तक्रार असेल तर कोलॅजेन या ऊतीतल्या प्रथिनाचा पातळ थर पुरतो. उंदराच्या शेपटीचं टाइप १ कोलॅजेन ०.०२ मोलर ॲसेटिक ॲसिडमध्ये ५० मायक्रोग्रॅम प्रति मि.लि. करा, सहा वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये प्रत्येक वेलला १ मि.लि. घाला, तासभर ठेवा आणि पीबीएसनं (फॉस्फेटयुक्त खारट द्रावणानं) दोनतीनदा धुवा. यातून दर चौरस सें.मी.ला साधारण ५ मायक्रोग्रॅम बसतं. धुणं टाळलं तर उरलेलं आम्ल पेशी मारतं. ०.१ टक्का जिलेटिन याहून स्वस्त, शिवाय ऑटोक्लेव्ह होतं, म्हणजे दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करता येतं. पण दोन्हींत खालचं प्लॅस्टिक तितकंच कडक राहतं. असा थर देऊन ‘ऊतीसारखं वातावरण’ असं प्रबंधात लिहू नये.

कोलॅजेनचं जाड जेल केलं की धागेही येतात आणि मऊपणाही. सगळं बर्फावर: कोलॅजेन, एकूण आकारमानाच्या दहावा हिस्सा १०एक्स (दहापट तीव्र) पीबीएस, कोलॅजेनच्या आकारमानाच्या ०.०२३ पट १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड, बाकी थंड पाणी. शेवटी २ मि.ग्रॅ. प्रति मि.लि. धरा आणि ३७ अंशांना ३० ते ४५ मिनिटं ठेवा. फिनॉल रेड (आम्लता दाखवणारं रंगद्रव्य) घातलं असेल आणि रंग पिवळाच राहिला, तर मिश्रण आम्लधर्मी आहे. ते धड जमणार नाही. दुसरी अडचण दोनेक दिवसांनी दिसते: फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या पेशी) जेल ओढून आकसवतात आणि कडा सुटून चकती माध्यमात तरंगू लागते.

मॅट्रिजेल उंदरातल्या एका सार्कोमा गाठीपासून काढतात. त्यात मुख्यतः लॅमिनिन हे प्रथिन, मग टाइप ४ कोलॅजेन, आणि सोबत न मागितलेले वाढघटकही. ऑर्गनॉइड (अवयवाची इवली प्रतिकृती) किंवा रक्तवाहिन्यांसारख्या नळ्या तयार होताना बघायच्या असतील तर त्याला पर्याय शोधत बसू नका. इतर कामांसाठी मात्र ते महागडं आणि बेभरवशाचं: लॉट (उत्पादनाची खेप) बदलला की निकाल हलतो, म्हणून अख्खा प्रयोग एकाच लॉटवर उरकावा. ते १० अंशांच्या वर घट्ट होऊ लागतं. मे महिन्यात मुंबईहून कसारा घाटानं येणारा ड्राय आइसचा खोका शुक्रवारी संध्याकाळी पोचला आणि सोमवारपर्यंत शिपायाच्या टेबलावर राहिला, तर पैसे पाण्यात. पार्सल मंगळवार-बुधवारी पोचेल असं मागवा. फ्रिजमध्ये बर्फात रात्रभर वितळवा, पिपेटच्या टिप्स आणि ट्यूब आधी गार करा, एकदाच वापरता येतील इतके छोटे भाग करा. फ्रॉस्ट-फ्री फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका; तो अधूनमधून स्वतःच गरम होतो.

प्रश्न कडकपणाचा असेल तर आमचं मत सरळ पॉलिॲक्रिलमाइड या कृत्रिम जेलला. प्रोटीन जेल चालवणाऱ्या लॅबमध्ये निम्मं सामान कपाटात असतंच. १ मि.लि. मिश्रणासाठी ४० टक्के ॲक्रिलमाइड १२५ मायक्रोलिटर, २ टक्के बिस (साखळ्या एकमेकींना जोडणारा रेणू) ७५ मायक्रोलिटर, बाकी पीबीएस: सुमारे ४.५ किलोपास्कल. तेच २५० आणि १५० घेतलं तर ३५ च्या आसपास. हवा काढून १० टक्के अमोनियम परसल्फेट १० मायक्रोलिटर आणि टेमेड १ मायक्रोलिटर घाला; त्यांनी जेल जमतं. १२ मि.मी. कव्हरस्लिपला (पातळ काचेच्या चकतीला) १५ मायक्रोलिटर पुरतं. थर शंभर मायक्रॉनच्या वर जातो. फारच पातळ थरातून पेशीला खालची काच जाणवू लागते. कव्हरस्लिप आधी अमिनोसिलेन आणि ग्लुटराल्डिहाइडनं तयार केलेली हवी, नाहीतर जेल सोलून निघतं.

या जेलला पेशी आपणहून चिकटत नाहीत. सल्फो-सॅनपाह (प्रकाशानं जोडणी करणारं रसायन) लावून ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश द्यायचा, मग कोलॅजेन. सर्वाधिक चूक इथे होते: लॅमिनारमधला (निर्जंतुक काम करायच्या कपाटातला) जंतुनाशक दिवा २५४ नॅनोमीटरचा असतो, तो या जोडणीसाठी नाही. सल्फो-सॅनपाह पाण्यात लवकर निकामी होतं, म्हणून आयत्या वेळी कालवा. न जमलेलं ॲक्रिलमाइड मज्जासंस्थेला विषारी आहे. हातमोजे घाला आणि जेल रात्रभर पीबीएसमध्ये धुवा. उणीव एकच, पण मोठी: यात धागे नाहीत आणि पेशी त्यात शिरू शकत नाहीत.

धाग्यांसाठी पीसीएल या प्लॅस्टिकचं इलेक्ट्रोस्पिनिंग आहे, म्हणजे उच्च विद्युतदाबानं द्रावणातून बारीक धागे ओढणं. १५ ते २० किलोव्होल्ट, १२ ते १५ सें.मी. अंतर. द्रावण पातळ झालं की धाग्यात मणी येतात. हवेतल्या आर्द्रतेनंही धाग्याचं रूप बदलतं, म्हणून जून ते सप्टेंबर नाशिकमध्ये बंदिस्त, कोरड्या पेटीशिवाय हा उद्योग करू नये. पीसीएल ६० अंशांना वितळतं, ऑटोक्लेव्ह विसरा; ७० टक्के अल्कोहोलनं निर्जंतुक होतं आणि भिजतंही.

अगदीच पैसे नसतील तर सफरचंद. पातळ चकत्या ०.१ टक्का एसडीएस या साबणासारख्या द्रव्यात दोन दिवस हलवत ठेवल्या की फळाच्या पेशी जातात आणि सेल्युलोजची जाळी उरते. मग १०० मिलीमोलर कॅल्शियम क्लोराइड दिवसभर, कारण उरलेलं एसडीएस प्राण्याच्या पेशी फोडतं. एमएस्सीच्या प्रोजेक्टला हे छान. कडकपणावर ताबा मात्र शून्य.

पेशी पुण्याच्या एनसीसीएसकडून (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून) मागवणार असाल तर पॉलिॲक्रिलमाइडची जेल त्याआधी करून पीबीएसमध्ये ४ अंशांना ठेवा. कोलॅजेन मात्र पेशी टाकायच्या आदल्या दिवशीच जोडा, आणि प्रत्येक प्लेटमध्ये कोलॅजेन लावलेली साधी काच तुलनेसाठी ठेवा.