गजराचं घड्याळ, आठ महिन्यांनंतर: टिकटिकीने एक स्टार खाल्ला

फोन झोपायच्या खोलीतून हद्दपार करायचा तर गजरासाठी दुसरं काहीतरी हवं, एवढाच उद्देश. मेन रोडवर घासाघीस करून घेतलेलं, एका पेन्सिल सेलवर चालणारं साधं घड्याळ. दिसायला कसं ते सांगत बसत नाही, सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

टिकटिक मात्र सांगायलाच हवी. दुकानात गर्दीच्या गलक्यात ती ऐकूच येत नाही. नाशिकच्या डिसेंबरात पंखा बंद झाला की रात्री अकराला खोलीत दुसरा आवाजच उरत नाही. आतल्या मोटरला दर सेकंदाला एक झटका मिळतो, चाकं तेवढी सरकतात आणि पोकळ प्लास्टिकचा डबा तो आवाज वाढवतो. खाली चौघडी नॅपकिन ठेवला तर टेबलाचं घुमणं थांबतं, मूळ टिकटिक राहतेच. उशीखाली ठेवाल तर गजरही दबेल. म्हणून घेतानाच सेल घालून कानाशी धरा आणि सेकंदकाटा बघा: उड्या मारत असेल तर ठेवून द्या, सलग सरकत असेल तर घ्या. सलगवाला सेल थोडा जास्त खातो, पण झोपेच्या मानाने सेल स्वस्त.

गजराचा काटाही ढोबळ. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे होतातच. एकदा गजर चालू ठेवून मिनिटकाटा हळूहळू फिरवा, नेमकं किती वाजता वाजतं ते बघा आणि तेवढा फरक धरून लावा. गजराची किल्ली बाणाच्याच दिशेने फिरवायची. शिवाय हे बारा तासांचं यंत्र, सकाळचे सहा आणि संध्याकाळचे सहा त्याला सारखेच. खटका रात्री झोपतानाच वर करायचा.

पहिल्या महिन्यात दोन स्टार दिले असते. मग घड्याळ पॅसेजमध्ये चपलांच्या स्टँडवर गेलं आणि मत बदललं. दाराआड टिकटिक नाही, गजर मात्र येतो. बंद करायला उठून चालत जावं लागतं, त्यामुळे 'अजून पाच मिनिटं' संपलं. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे मध्यरात्री जाग आली तर किती वाजले ते दिसत नाही. 'आता चारच तास उरले' हा हिशोब सुरू झाला की झोप गेलीच समजा. साधारण वीस मिनिटं तळमळ झाली असं वाटलं तर उठून मंद दिव्यात बसायचं, डोळे जड झाले की परत आडवं व्हायचं. उठायची वेळ मात्र रोज तीच, रविवारीही. उठल्यावर गच्चीत किंवा कृषीनगरच्या ट्रॅकवर अर्धा तास उजेडात. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, तेव्हा साडेपाचला उठून ट्यूबलाइटखाली बसण्यात हशील नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या फिरत्या शिफ्टवाल्यांना हे 'रोज तीच वेळ' जमणार नाही. त्यांनी दिवसा झोपताना जाड पडदे लावावेत.

फोन हॉलमध्ये चार्जिंगला. रात्री घरच्यांचा फोन आला तर, ही भीती रास्त आहे: फोनवर 'व्यत्यय नको' (डू नॉट डिस्टर्ब) चालू करून ठरावीक दोन-तीन नंबरच वाजू द्या.

घड्याळाकडून भलत्या अपेक्षा नकोत. दोन आठवडे उदासी, भूक-झोप बिघडलेली, कशातच रस नाही असं असेल तर डॉक्टर गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आता तक्रार. सातव्या महिन्यात घड्याळ बंद पडलं. सेल गळून स्प्रिंगवर पांढरी पूड जमली होती. दुकानदार म्हणाला, "सेलचं गळणं गॅरंटीत नाही." घड्याळाबरोबर सेल त्यानेच दिला होता! अल्कलाइन सेल असेल तर कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पूड पुसायची, मग कोरड्या काडीने, आणि स्प्रिंग पूर्ण वाळल्यावरच नवा सेल. हातमोजे घाला, ती पूड त्वचेला भाजते. इथे दहा मिनिटांत चालू झालं. स्प्रिंग गंजून तुटली असती तर दुरुस्तीपेक्षा नवं घड्याळ स्वस्त पडलं असतं.

चार स्टार. सेल दर दिवाळीच्या साफसफाईत बदला, चालू असला तरी.