लूपर घेताय तर टेम्पो सिंकचं हे आधी वाचा

दोन ट्रॅकचा लूपर पेडल (वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून तोच परत परत वाजवत राहणारं, पायानं चालवायचं मशीन; त्या तुकड्याला लूप म्हणायचं) सहा महिने झाले वापरतोय, भजनाला, लग्नाच्या संगीताला, बेळगाव खानापूर निपाणी सगळीकडं नेलाय. दणकट आहे, आवाज स्वच्छ. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण मला बोलायचंय ते टेम्पो सिंकवर, म्हणजे मशीनचा टेम्पो बदलला की लूपचा वेगही त्याबरोबर बदलतो त्यावर, आणि ते बऱ्याच लूपरमध्ये असतंय.

आमच्या सीमाभागात कार्यक्रम म्हणजे मराठी अभंग संपला की लगेच कन्नड भक्तिगीत पाहिजे, मध्ये थांबायचं नाही, आणि दुसऱ्याची लय जरा चढी. निपाणीत १०० बीपीएमवर (मिनिटाला १०० मात्रा) तानपुरा आणि गिटार लूप करून ठेवलेला, दुसऱ्या गाण्याला टेम्पो १०६ केला आणि अख्खा लूप वर सरकला की! पेटी काळी एकमध्ये आणि लूप तिच्या लगतच्या वरच्या पट्टीत, पांढरी दोनला. गाणाऱ्या ताईंनी वळून बघितलं ते अजून डोळ्यासमोर आहे. लूप बंद करून नुसत्या पेटीवर गाणं पार पाडलं.

कॅसेट जोरात फिरली की आवाज बारीक होतो बघा, तसंच हे. वेग ६ टक्के वाढला की जवळजवळ बरोब्बर एक अर्धस्वर (पेटीवरची लगतची एक पट्टी) वर, १२ टक्क्यांना दोन. मेनूत दुसरा मोड आहे, त्यात पट्टी तीच राहते, फक्त लांबी बदलते, म्हणजे ८० वर १६ मात्रांचा लूप १२ सेकंदांचा असेल तर १०० वर तो ९.६ सेकंदांत बसवतो. त्यासाठी मशीन आवाजाचे बारीक तुकडे करून एकमेकांवर सरकवतं, आणि लय उतरवली तर तुकडे लांब नेऊन मधली जागा भरून काढतं. गिटारला पाच टक्क्यांपर्यंत चालून जातंय, पण ढोलकीची थाप लई उतरवली की दोनदा पडल्यासारखी वाजते आणि तानपुरा थरथरतो, ते कानाला सहन होत नाही. बरं एक आहे, टेम्पो परत १०० केला की मूळ आवाज जसाच्या तसा येतो, माझ्याकडच्या मशीनमध्ये तरी.

मग मी काय केलं, तानपुऱ्याचा ट्रॅक वेगळा घेतला आणि त्याचं टेम्पो सिंकच बंद केलं. तानपुऱ्याला मात्रेशी काय देणंघेणं, तो आपला फिरत राहू दे. ढोलकी लूपच करत नाही, माणूस वाजवतो. गिटार दुसऱ्या गाण्याला नव्या टेम्पोवर नव्यानं घेतो, आठ मात्रांचा केरवा असेल तर एका आवर्तनात होतं काम.

रूपक असेल तर रेकॉर्डच्या आधी ताल सातचा करा, चारवर राहिला आणि क्वांटाइज (लूपची लांबी आपोआप पूर्ण आवर्तनात बसवणारी सोय) चालू असलं तर सात मात्रांचा लूप ओढून आठ करतो आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठंतरीच पडते.

पाचपैकी चार. एक कापला कारण तो पट्टीवाला मोड मेनूत चार पायऱ्या आत आहे, स्टेजवर पायानं बदलताच येत नाही.