फोन, डॉंगल की वेगळा प्लेयर? संगीत नीट ऐकायचं तर काय घ्यावं

नवं काहीही ऐकून बघायचं असलं की मी आधी तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण लावते. गाणं नाही, नुसता तंबोरा, पाच मिनिटांचा. खर्जाची तार छेडल्यावर तिच्यातून जे वरचे सूर उमलतात, ते पुढची तार वाजेपर्यंत मागे रेंगाळतात की मध्येच पुसले जातात, एवढंच ऐकायचं असतं. गेल्या काही वर्षांत याच पाच मिनिटांवर मी फोनचा स्वतःचा जॅक, फोनच्या यूएसबीला लावून हेडफोन जोडायची तीन-चार डॉंगल, ब्लूटूथचे इअरफोन आणि एक वेगळा म्युझिक प्लेयर पारखला. ज्यांच्याकडे फोन आहे, बऱ्यापैकी हेडफोन आहेत आणि पुढे काय घ्यावं हे ठरत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

माझं मत आधीच सांगते. दोष फोनचा फार क्वचित असतो. फाइल उघडून तिच्यातले आकडे पुढे पाठवायचं काम आजचा साधा फोनही चोख करू शकतो. आवाजाचं बरंवाईट होतं ते त्यानंतर: आकड्यांची विजेची लाट करणारा डॅक, ती लाट हेडफोन हलवू शकेल इतकी दमदार करणारा ॲम्प्लिफायर आणि शेवटी खुद्द हेडफोन. त्यामुळे तुलना करायची ती फोनमधून आवाज बाहेर पडण्याच्या वाटांची.

आधी फाइल

सीडीचा दर्जा म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झचा दर (आवाजाची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी), एकूण सेकंदाला १,४११ किलोबिट. माणसाला ऐकू येणारे २० किलोहर्ट्झपर्यंतचे सूर त्यात पूर्ण मावतात, आणि वय वाढेल तशी कानाची ही मर्यादा खालीच येते. चार मिनिटांचं गाणं या दर्जात सुमारे ४२ एमबी होतं. फ्लॅक या फाइल-प्रकारात ते साधारण पंचवीस एमबीच्या आसपास येतं आणि एक बिटही हरवत नाही. त्याच गाण्याची २५६ किलोबिटची फाइल पावणेआठ एमबीची. उलट २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झ म्हटलं की न दाबलेलं रूप २७६ एमबीवर जातं. या शेवटच्या उडीने मला कधीच काही जास्त ऐकू आलं नाही. ध्वनिमुद्रण करताना आणि त्याचं मिश्रण करताना जादा बिट फार उपयोगी पडतात. ऐकताना सीडीचा दर्जा पुरतो, असं माझं ठाम मत आहे. मेमरी भरायचीच असेल तर ती आणखी गाण्यांनी भरावी.

मात्र आपण खरंच सीडीच्या दर्जाचं ऐकतोय का, हे एकदा तपासा. ॲपल म्युझिकने जून २०२१ पासून लॉसलेस, म्हणजे काहीही न हरवता दाबलेलं, संगीत जादा पैसे न घेता द्यायला सुरुवात केली, पण ते सेटिंगमध्ये जाऊन आपल्याला चालू करावं लागतं. इतर ॲपमध्येही मोबाइल डेटावरचा दर्जा वेगळा, वाय-फायवरचा वेगळा, डाउनलोडचा तिसराच. नवं यंत्र घेण्याआधी हे तिन्ही बघून घ्यावेत. फोनमधले ‘आवाज सुधारणारे’ पर्यायही बंद करावेत. तंबोऱ्यावर त्यांचा परिणाम लगेच कळतो: खर्ज फुगतो आणि वरचे सूर पत्र्यासारखे वाजतात.

फोनचा स्वतःचा जॅक

२०१६ मध्ये आयफोन ७ जॅकशिवाय आला आणि हळूहळू बहुतेक महागड्या फोनांतून जॅक गेला. त्याच वर्षी एलजीने व्ही२० मध्ये चार डॅकची जुळणी खास संगीतासाठी दिली होती. असे फोन अजून लोक जपून ठेवतात. एलजीने २०२१ मध्ये फोनचा धंदाच बंद केला, तरी.

तुमच्या फोनला जॅक असेल आणि हेडफोन सोपे असतील, म्हणजे थोड्या विजेत मोठा आवाज देणारे, तर बहुधा आणखी काही घ्यायची गरज नाही. दोन गोष्टी कान देऊन बघा. गाणं सुरू व्हायच्या आधीच्या शांततेत बारीक खरखर येते का, हे पाहा. संवेदनशील इअरफोनवर ती पटकन ऐकू येते. दुसरी गोष्ट जराशी आडवळणाची आहे. जॅकच्या आत स्वतःचा काही विद्युतरोध असतो. तो हेडफोनच्या रोधाच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, असा ढोबळ नियम. एकाच इअरफोनमध्ये तीन-चार छोटे ध्वनियंत्र बसवलेले असले की त्यांचा रोध सुरागणिक बदलतो, आणि जॅकचा रोध जास्त असेल तर इअरफोनचा स्वभावच पालटतो. एकाच इअरफोनची दोन माणसं अगदी उलटसुलट वर्णनं करतात, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

कपाटात जुना, जॅकवाला फोन पडला असेल तर तो टाकून देऊ नका. सिम काढा, फ्लाइट मोड लावा, मेमरी कार्ड घाला, गाणी भरा. बॅटरी फुगलेली नाही एवढी खात्री करून घ्या. माझ्या ओळखीतल्या दोघांनी वेगळा प्लेयर घ्यायचा बेत यावरच सोडून दिला.

डॉंगल: इथे थोडं थांबू

बोटाएवढं डॉंगल यूएसबी-सीला लावायचं, त्यातच डॅक आणि छोटा ॲम्प्लिफायर असतो, वीज फोनकडूनच घेतो. एवढ्या लहान वस्तूकडून फार अपेक्षा नसते, म्हणून पहिल्यांदा ऐकल्यावर मी चकित झाले होते. ॲपलचं साधं डॉंगलसुद्धा मोजमापात उत्तम आहे. त्यातून निघणारा दोष ऐकू यावा इतका मोठा नसतो.

पण फसायच्या जागाही इथेच आहेत. माझं पहिलं ‘डॉंगल’ फोनला लावलं आणि काहीच वाजलं नाही. फोन खराब, हेडफोन खराब, सगळं तपासून झालं. मग कळलं की त्यात डॅक नव्हताच, नुसत्या तारा होत्या. यूएसबी-सीमधून थेट ॲनालॉग आवाज बाहेर देणारे काही फोन असतात, ते जोडणीचं साधन फक्त त्यांच्यासाठी होतं. खोक्यावर याचा उल्लेखही नव्हता. तेव्हा घेताना आत डॅक आहे का, हे आधी विचारा.

दुसरी अडचण आवाजाच्या पातळीची. ॲपलचं डॉंगल आयफोनवर पूर्ण जोराने वाजतं, पण पुष्कळ अँड्रॉइड फोनांवर त्याची आतली पातळी खालीच राहते आणि सगळं मरगळल्यासारखं ऐकू येतं. यूएसबी ऑडिओ प्लेयर प्रो हे ॲप स्वतःच्या ड्रायव्हरने थेट डॉंगलशी बोलतं, त्याने ही पातळी वर आणता येते. तिसरी, अगदी साधी अडचण: काही फोनांत ओटीजी (बाहेरचं उपकरण फोनला जोडायची सोय) हाताने चालू करावं लागतं आणि थोडा वेळ वापरलं नाही की ते आपोआप बंद होतं. डॉंगल बिघडलं असं वाटतं, बिघडलेलं काही नसतं.

आता ताकदीचा हिशोब, कारण बहुतेकांचा निर्णय यावरच ठरायला हवा. ॲपलचं डॉंगल साधारण १ व्होल्ट देतं. ३२ ओहमच्या (ओहम हे रोधाचं माप) हेडफोनमध्ये १ व्होल्ट म्हणजे ३१ मिलिवॅट, भरपूर झाले. सेनहायझरच्या एचडी ६०० सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनमध्ये तोच १ व्होल्ट जेमतेम ३.३ मिलिवॅट देतो. समजा एखाद्या हेडफोनचा आवाज १ व्होल्टला १०० डेसिबल होतो. संगीताची सरासरी पातळी शिखरापेक्षा पंधरा-वीस डेसिबल खाली असते, म्हणजे पूर्ण आवाज ठेवल्यावर सरासरी ८० ते ८५ मिळेल. शांत खोलीत हे पुरतं. पण हळुवार आलाप किंवा जुनं, कमी पातळीवर मुद्रित झालेलं गाणं आलं की आणखी वाढवायला जागा राहत नाही. २ व्होल्ट देणारं डॉंगल घेतलं की ६ डेसिबल वर मिळतात. बऱ्याच डॉंगलना ४.४ मिलिमीटरचं बॅलन्स्ड भोक (दोन्ही कानांना वेगवेगळ्या तारा देणारं) असतं, त्यातून बहुधा दुप्पट व्होल्ट मिळतात. त्या भोकाचा मोठा फायदा हाच. हेडफोन मुळात सोपे असतील तर त्यासाठी वेगळी वायर घ्यायचं कारण नाही.

अँड्रॉइडवर आणखी एक मुद्दा सतत निघतो. बहुतेक फोनांत सगळे आवाज एकत्र मिसळून ४८ किलोहर्ट्झवर नेले जातात, त्यामुळे ४४.१ ची फाइल वाटेत बदलते. २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून यूएसबीवर फाइल जशीच्या तशी पाठवायची सोय आली, पण ती वापरणारं ॲपही लागतं. आयफोनवर ॲपल म्युझिक बाहेरच्या डॅकला फाइलच्या दरानेच आवाज देतं. ४८ किलोहर्ट्झच्या वरचं ऐकायचं तर बाहेरचा डॅक लागतोच. अँड्रॉइडवर दर बदलल्याने खरंच फरक ऐकू येतो का, हे मी स्वतः तपासायचं ठरवलं. धाकट्या भावाला म्हटलं, माझ्या पाठीमागे बस आणि दर बदललेला आणि जशाच्या तसा आवाज न सांगता आलटून पालटून लावत राहा. आधी हेडफोनच्या टोकाशी मल्टिमीटर लावून १०० हर्ट्झच्या सुरावर दोन्ही पर्यायांचे व्होल्ट जुळवून घेतले. हे फार महत्त्वाचं आहे, कारण अर्ध्या-एक डेसिबलनेही मोठं असलेलं कानाला ‘जास्त स्पष्ट’ वाटतं. मग तंबोरा, मग एक पियानो. अर्ध्या तासानंतर त्याची वही पाहिली. नाणं उडवून सांगितलं असतं तरी साधारण तेवढीच उत्तरं बरोबर आली असती. दरातला बदल टाळता आला तर टाळावा, पण केवळ त्यासाठी फोन बदलू नये.

ब्लूटूथ

बिनतारी ऐकताना डॅक आणि ॲम्प्लिफायर दोन्ही इअरफोनमध्येच असतात. फोनने आवाज दाबून फक्त हवेतून पाठवायचा. आवाज दाबायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात; एसबीसी हा सगळ्यांना येणारा कोडेक. आयफोन इअरफोनना एएसी देतो, एलडॅक किंवा ॲप्टएक्स देत नाही. सोनीचा एलडॅक २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून अँड्रॉइडमध्ये आला; तो ३३०, ६६० किंवा ९९० किलोबिटवर चालतो, आणि आसपास लहरींची गर्दी असली की आपोआप खाली उतरतो. सर्वांत वरचा आकडाही सीडीच्या १,४११ च्या खालीच आहे.

तरीही मी ब्लूटूथला नावं ठेवणार नाही. चालत्या गाडीत किंवा रस्त्यावर गोंगाट इतका असतो की तंबोऱ्याची शेपटी कुठल्याच तारेतून ऐकू येणार नाही. तिथे गोंगाट कापणारे इअरफोन संगीत जेवढं परत मिळवून देतात, तेवढं कुठलाही कोडेक देत नाही. शिवाय आवाज कमी ठेवता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. बाहेरचा आवाज आत येऊ देणाऱ्या उघड्या हेडफोनवर गोंगाटाशी स्पर्धा करत ऐकलं तर ती सहज ओलांडली जाते. खरी खंत वेगळी आहे. बहुतेक इअरफोनमधली बॅटरी सहज बदलता येत नाही, म्हणून काही वर्षांत चांगला आवाज देणारी वस्तूही निकामी होते. तारेचे हेडफोन वीस वर्षं चालतात.

तारेचे हेडफोन आवडतात पण फोनला काही लटकवायचं नाही, अशांसाठी खिशाला अडकवायचे ब्लूटूथ डॅक असतात, फिओचे बीटीआर किंवा क्वडेलिक्स ५के सारखे. फोन पिशवीत, हेडफोनची वायर खिशात. मधला मार्ग म्हणून मला तो पटतो.

वेगळा प्लेयर

वेगळ्या प्लेयरच्या बाजूने बोलायला पुष्कळ आहे, आणि त्यातलं आवाजाबद्दल थोडंच आहे. तोलामोलाच्या डॉंगलपुढे, जुळवलेल्या पातळीवर, सोप्या हेडफोनवर मला प्लेयरचा आवाज वेगळा काढता आला नाही. जास्त ताकद मागणाऱ्या हेडफोनवर त्याच्या जास्त व्होल्टचा उपयोग झाला. पण त्याला हाताशी बटणं आहेत, न बघता गाणं बदलता येतं. मेमरी कार्डात सगळा संग्रह मावतो. फोनची बॅटरी गाण्यांनी संपत नाही, आणि ख्यालाच्या मध्यावर फोनची घंटी वाजत नाही. शेवटच्या कारणासाठी मी तो अजून ठेवलाय.

तोट्याची बाजूही धरा. अँड्रॉइडवर चालणारे प्लेयर बहुधा जुन्या आवृत्तीवर अडकून पडतात आणि काही वर्षांनी स्ट्रीमिंगची ॲप कुरकुरायला लागतात. म्हणून प्लेयर घ्यायचा तर स्वतःच्या फाइलींसाठी घ्यावा. फक्त स्ट्रीमिंग ऐकणाऱ्याला तो मी सुचवणार नाही.

तेव्हा हेडफोनपासून उलटं मोजत या. हेडफोन साधेच असतील तर सगळे पैसे आधी त्यांच्यावर घाला, बाकी कशानेही इतका फरक पडत नाही. ते चांगले आणि सोपे असतील तर जॅक किंवा साधं डॉंगल घ्या. दीडशे-तीनशे ओहमचे असतील तर २ व्होल्टच्या वरचं डॉंगल, आणि घरी एका जागी बसूनच ऐकत असाल तर टेबलावरचा ॲम्प्लिफायरही बघा. ऐकणं बहुतेक प्रवासातच होत असेल तर गोंगाट कापणारे बिनतारी इअरफोन.

घेण्याआधी कुणाचं तरी डॉंगल दोन दिवस उसनं मिळतंय का बघा. स्वतःच्या ओळखीचं, आलापापासून सुरू होणारं एखादं ध्वनिमुद्रण घ्या, आवाजाची पातळी जुळवा आणि बदलायचं काम दुसऱ्याला सांगा. पहिल्या दिवशी ऐकून लगेच ठरवू नका. दुसऱ्या दिवशी डॉंगल काढून परत फोनचा जॅक लावा आणि काही हरवल्यासारखं वाटतं का, ते ऐका.