पावसात राय की बोर्टन?

लंडनहून एका दिवसात जाऊन यायचं, सोबत चार मित्र आणि वर पावसाची रिपरिप. कॉट्सवोल्ड्समधलं बोर्टन-ऑन-द-वॉटर गाठायचं की ससेक्समधलं राय? माझं मत रायला.

फोटोत बोर्टनच जिंकतं: मधाच्या रंगाची दगडी घरं, मधून वाहणारी उथळ विंडरश नदी, तिच्यावर बुटके पूल. पण गावाला रेल्वे स्टेशन नाही. पॅडिंग्टनहून मोरटन-इन-मार्शला उतरायचं, पुढे बस. ती हुकली की बसा कुडकुडत. शिवाय तिथली बरीचशी मजा उघड्यावर, अगदी १९३७ साली खुलं झालेलं मॉडेल व्हिलेज, म्हणजे गावाची छोटी प्रतिकृतीसुद्धा.

रायला जाताना सेंट पँक्रसहून निघून अ‍ॅशफर्डला गाडी बदलायची, की झालं. स्टेशनापासून गाव चालत. मर्मेड स्ट्रीटचे गोटे पावसात चकाकतात आणि पायही घसरवतात. आमच्यातला एकजण गुळगुळीत तळाचे बूट घालून आला होता, अख्खा उतार भिंत धरून उतरला. याच रस्त्यावर १४२० मध्ये पुन्हा बांधलेलं मर्मेड इन आहे. गावात चहाची दुकानंही आहेत. ओली जॅकेटं खुर्चीच्या पाठीवर टाकून गप्पांना बसलं, की बाहेर कितीही कोसळो. स्कोन मिळतात, कांदाभजी तेवढी नाहीत.