सेप्टिमा क्लार्क यांच्या चार्ल्सटनची सहल : ओकखाली चाळीस मिनिटे, शाळेपाशी बारा

साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटन शहरात एक छोटी स्थानिक कंपनी शिक्षिका आणि नागरी हक्क चळवळीच्या कार्यकर्त्या सेप्टिमा पॉइन्सेट क्लार्क (1898–1987) यांच्या आयुष्यावर अर्ध्या दिवसाची सहल नेते. मी आईला घेऊन ती केली. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, त्यामुळे एका मास्तरीणबाईंच्या नावाची सहल तिला आवडेल, एवढाच माझा हिशेब होता. सहल करण्यासारखी आहे. मात्र जे सर्वांत मोलाचे आहे त्यालाच तिच्यात सर्वांत कमी वेळ मिळतो.

सुरुवात वेंटवर्थ स्ट्रीटवरील जन्मस्थळापाशी होते आणि तिथून गाडी बुल स्ट्रीटवरील एव्हरी संस्थेकडे, म्हणजे कृष्णवर्णीयांना शिक्षक म्हणून तयार करणाऱ्या जुन्या शाळेकडे, जाते. आमच्या गाइड स्वतः निवृत्त शिक्षिका होत्या आणि त्यांचे सांगणे मुद्देसूद होते. वडील गुलामगिरीत जन्मलेले, आई लोकांचे कपडे धुऊन संसार चालवणारी, अशा घरातील ही मुलगी 1916 मध्ये एव्हरीतून शिक्षिका होऊन बाहेर पडली. परंतु शहराच्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय शिक्षकांना घेत नसत, मग त्या शाळेतील सगळी मुले कृष्णवर्णीय असली तरी. म्हणून त्या शहराजवळच्या जॉन्स आयलंड या बेटावर गेल्या. तिथे 132 मुलांना दोन शिक्षिका, तर जवळच्या गोऱ्यांच्या शाळेत तीन मुलांना एक. आणि या दोघींचा पगार एकत्र केला तरी त्या एकटीच्या पगाराला पुरत नव्हता. साधनांची वानवा अशी की मुलांनी सांगितलेल्या गोष्टी त्या ड्राय क्लीनिंगच्या कागदी पिशव्यांवर लिहून भिंतीला लावीत आणि त्यावरूनच वाचायला शिकवीत. शहराने कृष्णवर्णीय शिक्षकांना नोकरी द्यावी म्हणून 1919 मध्ये त्यांनी दारोदार फिरून सह्या गोळा केल्या, आणि पुढच्याच वर्षी ती बंदी उठली.

1956 मध्ये राज्याने कायदा केला की सरकारी नोकराला एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे सभासद राहता येणार नाही. क्लार्क यांनी सभासदत्व लपवले नाही आणि सोडलेही नाही. चाळीस वर्षांची नोकरी गेली. गाइड इथपर्यंत आल्या, तोच आईने मला कोपराने ढोसले : “पेन्शनचं विचार.” विचारले. पेन्शनही गेली होती, आणि ती मिळू लागली थेट 1976 मध्ये. “वीस वर्षं!” आई म्हणाली, आणि पुढचा तासभर तिला दुसरे काही सुचले नाही. हा प्रश्न बहुतेक पर्यटक विचारत नाहीत, असे गाइडनी नंतर सांगितले.

यानंतर सहल मोठ्या नावांच्या मागे लागते. चळवळीच्या कार्यकर्त्यांना शिकवणाऱ्या टेनेसीतील हायलँडर शाळेत क्लार्क यांच्या कार्यशाळेला 1955 च्या उन्हाळ्यात रोझा पार्क्स आल्या होत्या, आणि त्याच डिसेंबरात त्यांनी बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिल्यावरून माँटगोमेरीचा बस बहिष्कार सुरू झाला, हे सांगायलाच हवे. पण 1964 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग नोबेल घ्यायला ऑस्लोला गेले तेव्हा क्लार्कही बरोबर होत्या, यावर इतका वेळ घालवताना, चळवळीतील पुरुष बायकांचे म्हणणे ऐकून घेत नाहीत ही त्यांची उघड तक्रार मात्र गाळली जाते. ती त्यांनी पुढे स्पष्ट शब्दांत मांडलेली आहे; गाळण्याचे कारण नव्हते.

दुपारी गाडी पुलावरून जॉन्स आयलंडला जाते. क्लार्क प्रथम गेल्या तेव्हा पूल नव्हता, बोटीने जावे लागे. तिथे एंजल ओक या प्रचंड वृक्षाखाली आम्हाला चाळीस मिनिटे मोकळी दिली आणि प्रोग्रेसिव्ह क्लब या बेटावरच्या कृष्णवर्णीयांच्या सहकारी संस्थेच्या पडक्या इमारतीपाशी बारा. वास्तविक सारी सहल या जागेसाठी असायला हवी. जानेवारी 1957 मध्ये इथल्या सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत पहिली नागरिकत्व शाळा, म्हणजे मतदार म्हणून नोंदणी करता यावी यासाठी प्रौढांना लिहा-वाचायला शिकवणारा वर्ग, भरली. पुढे वाणसामान असल्याने गोऱ्यांना मागे काय चालले आहे याचा संशय येत नसे. बसचालक एसॉ जेन्किन्स यांची खटपट, क्लार्क यांची आखणी, आणि शिकवायला केशरचनेचा व्यवसाय करणाऱ्या त्यांच्या नात्यातल्या बर्निस रॉबिन्सन. समोर चौदा प्रौढ विद्यार्थी. मतदार होण्यासाठी राज्यघटनेतील उतारा वाचून दाखवावा लागे. पण त्या लोकांना आधी स्वतःचे नाव लिहायचे होते, मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता, बायबल वाचायचे होते, म्हणून अभ्यासक्रम तिथूनच सुरू झाला. आज दिसते ती इमारत 1963 ची आहे, जुन्या दुकानाच्या जागी बांधलेली. गाइडनी हे सांगितले नाही, त्यामुळे याच भिंतींमध्ये वर्ग भरला असा समज होतो.

या बारा मिनिटांत त्यांनी एक गोष्ट मात्र फार चांगली केली. नोंदणीच्या यादीवरून प्रत्येकाचे नाव जाड पुठ्ठ्यावर आधीच लिहून आणले होते, आणि त्या वर्गातल्यासारखे ते गिरवायला सांगितले. बाकीच्यांनी एकदा पेन्सिल फिरवून पुठ्ठा पिशवीत टाकला. आईने इंग्रजी अक्षरांतले आपले नाव चार वेळा गिरवले, मग माझ्या हाताकडे बघून म्हणाली, “पेन्सिल किती घट्ट धरली आहेस, पहिलीची मुलं अशी धरतात.” त्यावर गाइडना हसू आले, भाषा कळली नसेल, पण शिक्षिकेचा सूर कळला असावा.

चालणे फार नाही, गाडीत वातानुकूलन आहे, पाणी मात्र आपले न्यावे. नोंदणी करतानाच ओकचा थांबा कमी करून क्लबपाशी वेळ वाढवून मागावा. आमच्या गटातल्या तिघांनी परतताना हेच सुचवले. एंजल ओकला प्रवेशशुल्क नाही, तो दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊनही पाहता येतो.