डीकोडरसाठी १.२५ मिमीचे कनेक्टर आणि सिलिकॉन वायर

वाफेच्या रेल्वे इंजिनाच्या मॉडेलमध्ये मोटर इंजिनात आणि डीकोडर (रुळांतून येणारे आदेश वाचून मोटर चालवणारं छोटं सर्किट) टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात, असला की मधल्या वायरींचाच खरा त्रास. दुरुस्तीसाठी दोन्ही भाग वेगळे करायचे म्हणजे दरवेळी सोल्डर काढा, पुन्हा लावा. म्हणून १.२५ मिमी पिचच्या (दोन पिनांमधलं अंतर) दोन पिनी कनेक्टरांचं पाकीट आणि ३० गेजची बारीक सिलिकॉन वायर मागवली.

वायर मला मनापासून आवडली. सोल्डरिंग करताना आवरण वितळून मागे सरकत नाही. आधीची पीव्हीसी वायर इतकी ताठ होती, की वळणावर टेंडरचं पुढचं चाक रुळावरून उतरायचं. आता उतरत नाही.

कनेक्टर घट्ट बसतात, टेंडरच्या पोटात सहज मावतात. पण एक गोष्ट खटकली: काही जोड्यांमध्ये प्लगची लाल वायर सॉकेटच्या काळीला जाऊन भिडते! मल्टिमीटरने प्रत्येक जोडी तपासल्याशिवाय लावूच नका. शिवाय सगळ्या वायरी लाल-काळ्याच. डीसीसीच्या (मॉडेल रेल्वे चालवायची डिजिटल पद्धत) रंगसंकेतात लाल-काळी रुळांकडून येते, मोटरला नारिंगी आणि करडी जाते. घाईत रुळाची जोडी मोटरच्या जोडीत घुसली, तर डीकोडर जळू शकतो. मी मूळ वायरी आखूड कापून त्यांना योग्य रंगाच्या जोडल्या, वर श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवली. एका इंजिनाला अख्खी संध्याकाळ गेली.

पुढच्या इंजिनासाठी चार पिनी घेणार आहे. रूळ आणि मोटर एकाच प्लगमध्ये, आणि तो एकाच बाजूने बसतो.