मागचे पाय गेलेल्या कुत्र्यासाठी अ‍ॅल्युमिनियमची व्हीलचेअर: वापरून काय दिसतं

गाडीखाली सापडून मणक्याला मार बसलेल्या देशी कुत्र्याला घर शोधताना, तो व्हीलचेअरवर पळतोय असा व्हिडिओ टाकला की चौकशीचे फोन वाढतात. म्हणून ही वस्तू प्रत्येक शेल्टरला हवीशी वाटते, आणि म्हणूनच ती घाईत, भलत्याच मापाची घेतली जाते. हे परीक्षण ऑनलाइन मिळणाऱ्या दोनचाकी, कमीजास्त करता येणाऱ्या गाड्याचं आहे. माप १२ ते २० किलोच्या कुत्र्याचं.

खोक्यात निघतात ते बाजूचे दोन दांडे, त्यांना जोडणारी मागची कमान, दोन चाकं, छातीचा पट्टा, मांड्या अडकवायच्या फोमच्या दोन कड्या, पंजे टांगायचे दोन फास आणि एक अ‍ॅलन की. जोडणी अर्ध्या तासात होते. कुत्र्याच्या अंगाला नीट बसेपर्यंत मात्र दोन-तीन दिवस रोज थोडं थोडं सरकवावं लागतं. हे विक्रेते सांगत नाहीत.

नुसत्या वजनावरून साइज मागवू नका. देशी कुत्री उंच आणि सडपातळ असतात, त्याच वजनाचं बीगल बुटकं आणि रुंद. एकाने पोटाखालून टॉवेल घालून कुत्र्याला उभं धरायचं आणि दुसऱ्याने टेप लावायची. मागच्या मांडीच्या पुढे कुशीत कातडीची घडी असते, तिथपासून जमिनीपर्यंतची उंची. पुढच्या पायाच्या बगलेपासून मांडीच्या मागच्या कडेपर्यंतची लांबी. कमरेची सगळ्यात जास्त रुंदी. उंची मोजताना पाय लोंबता असतो, म्हणून टेप पंजावरून न नेता सरळ जमिनीला टेकवायची.

बसवल्यावर पाठ आडवी सपाट दिसली पाहिजे. गाडा उंच झाला तर कुत्रा पुढे कलतो, सगळा भार खांद्यांवर येतो आणि तो चार पावलांत थांबतो. लोक म्हणतात, "त्याला आवडत नाही." आवडण्याचा प्रश्न नसतो, खांदे दुखत असतात. गाडा खाली राहिला तर पंजे घासतात. चाकांचा आस खुब्याच्या सरळ खाली किंवा बोटभर मागे असावा. फार मागे गेला तर पुन्हा पुढच्या पायांवरच ओझं, अशा वेळी दांडे आखूड करा.

या गाड्याची खरी उणीव मांडीच्या कड्यांत आहे. फोम पातळ आहे आणि शिवण नेमकी जांघेत येते. नर कुत्र्यात कडी लिंगाच्या बाजूला दाबत नाही ना, हे दर वेळी बोट घालून पाहायचं. त्याला तिथे काही कळत नसेल तर तो ओरडणारही नाही. एसीच्या तांब्याच्या पाइपावर चढवतात तो काळा फोम हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो चिरून कडीवर चढवला आणि वर सुती कापड गुंडाळलं की बरंच काम भागतं. कापड रोज धुवायचं. दर फेरीनंतर जांघ आणि बगल तपासायची. लाली दिसली तर त्या दिवशी गाडा बंद. पावसाळ्यात एवढ्याशा जखमेवर माशी बसते आणि अळ्या पडायला वेळ लागत नाही.

चाकं ठीक आहेत. पंक्चरची भानगड नाही. पेव्हर ब्लॉकवर चालतात, मात्र जुन्या इमारतीतल्या जाळीच्या दाराच्या लिफ्टमध्ये फटीत अडकतात, तिथे मागून उचलून घ्यावं लागतं. नट ढिले होतात, तेव्हा आतून नायलॉन असलेले लॉकनट बसवून टाका. समुद्राकाठच्या गावांत स्टेनलेस स्टीलचेच घ्या.

पहिल्या दिवशी ५ ते १० मिनिटं, दोनदा. पुढे वाढवत एका वेळी २० ते ३० मिनिटांपर्यंत. गाड्यात कुत्र्याला बसता किंवा आडवं होता येत नाही, त्यामुळे त्यात अडकवून कामाला निघून जायचं नाही. मागच्या पायात थोडी हालचाल असेल तर पंजे फासात टांगू नका, जमिनीला लागू द्या. तोच व्यायाम.

मार ताजा असेल किंवा ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर हा गाडा नकोच. डॉक्टर ४ ते ६ आठवडे बंदिस्त विश्रांती सांगतात, ती आधी. डिस्टेंपर या विषाणूच्या आजारातून वाचून चारही पायांना झटके येणाऱ्या कुत्र्यालाही दोनचाकी चालत नाही, पुढचे पाय भक्कम असलेच पाहिजेत. आणखी एक गैरसमज: पंजा चिमटल्यावर पाय आखडला म्हणजे संवेदना आली असं नाही. तो प्रतिक्षेप, म्हणजे मेंदूपर्यंत न जाता आपोआप होणारी हालचाल, असू शकतो. कुत्र्याने वळून पाहिलं किंवा कण्हला, तर मेंदूपर्यंत काही पोचतंय.

आता घर देण्याचा मुद्दा. पळणारा कुत्रा पाहून आलेल्या माणसाला वाटतं, प्रश्न चाकांनी सुटला. पण कुत्रा परत येतो तो बहुधा लघवीपायी. मूत्राशय आपोआप रिकामं होत नसेल तर दर ६ ते ८ तासांनी हाताने करावं लागतं. मागच्या पायांच्या जरा पुढे, पोटाच्या दोन्ही बाजूंना सपाट बोटं ठेवली की पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं लागतं. हळूहळू, एकसारखा दाब मागे, शेपटीच्या दिशेने. धार थांबेपर्यंत हात सोडायचा नाही, झटके द्यायचे नाहीत. धार येत नसेल तर जोर न करता डॉक्टर गाठायचा. लघवी गढूळ झाली, वास बदलला किंवा रक्त दिसलं तर संसर्ग धरून चला आणि तपासणी करा. काही कुत्र्यांचं उलट असतं, सतत ठिबकतं. त्यांना डायपर लागतो, आणि ओलं अंग धुऊन कोरडं केलं नाही तर कातडी सोलते.

म्हणून आमचा आग्रह असा की घर घेणाऱ्याने निदान तीन वेळा, डॉक्टर किंवा फॉस्टरसमोर (घर मिळेपर्यंत कुत्रा सांभाळणाऱ्यासमोर), स्वतःच्या हाताने मूत्राशय रिकामं करून दाखवावं. मग गाडा बघावा. "दुपारी घरी कोण असतं?" हा प्रश्न पगाराच्या प्रश्नाआधी विचारा. रात्री जाड गादी आणि दर ४ ते ६ तासांनी कूस बदलणं, हेही तेव्हाच सांगून टाका.

गाडा कुत्र्याबरोबर द्यावा, नव्या घरी नवा मागवू नये, कारण तो त्याच्या अंगाला बसलेला असतो. दांड्यांवर कायम शाईच्या मार्करने खुणा करून ठेवा, धुताना सगळं सुटं केलं तरी माप हरवत नाही. जादा कड्यांची एक जोडी सोबत द्या, कारण एक धुतली की दुसरी लागतेच. गाडा घ्यावा का, तर घ्यावा, फक्त मांडीच्या कड्या सुट्या मिळतात का हे विक्रेत्याला आधी विचारून. मिळत नसतील तर दुसरा विक्रेता बघा.